शेवटचा मैल कुणाच्या डोक्यावर?

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोटला मावशीकडे गेले होते. दुपारी अडीचच्या सुमाराला तिचा फोन वाजला. पुण्याच्या लेकीनं तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा मागवला होता, तो घेऊन आलेला मुलगा बोलत होता. "मावशी, एसटी स्टँडपाशी थांबलोय. आत गल्लीत नाही येत आम्ही, तुम्हीच या की इकडं." गुडघा दुखतो म्हणून पट्टा मागवायचा आणि तो आणायला त्याच गुडघ्यावर भर उन्हात चालत जायचं! मी वैतागले. मावशी मात्र शांत. "पोरगं तरी काय करंल? त्याच्या पेट्रोलचं कोण देतंय?" म्हणत तिनं पदर डोक्यावर घेतला. शेवटी आम्ही दोघी गेलो.

व्यापाराच्या भाषेत या शेवटच्या तुकड्याला 'लास्ट माइल' म्हणतात. मोठ्या गोदामापासून गावापर्यंत माल ट्रकनं येतो. शेकडो खोकी एकदम येतात, त्यामुळे एका खोक्यामागचा खर्च किरकोळ पडतो. पण गावातून दारापर्यंत जायचं तर एक माणूस, एक गाडी, एक खोकं आणि एक दार. सगळ्यात महाग वाट हीच. मग कंपनी काय करते, तर घरातल्या बाईलाच चौकात बोलावते. तिच्या वहीत हा खर्च शून्य होतो. मावशीच्या गुडघ्यात तो जमा होतो.

खरं तर अक्कलकोटला हे दुखणं नवीन नाही. रेल्वे आली ती 'अक्कलकोट रोड'ला, गाव तिथून दहा-बारा किलोमीटर आत. लांबचा प्रवास सुखाचा आणि शेवटचे दहा किलोमीटर लटकत, हे इथल्या कित्येक पिढ्यांनी पाहिलंय.

आता या शेवटच्या मैलासाठी विजेवर चालणाऱ्या मालवाहू दुचाकींची चर्चा जोरात आहे. युरोपात पुढे किंवा मागे मोठी पेटी असलेल्या अशा सायकली शहरांत सर्रास दिसतात. लंडनमध्ये २०२१ साली झालेल्या एका अभ्यासात या सायकली शहराच्या मध्यभागी व्हॅनपेक्षा साठेक टक्के अधिक वेगानं माल पोचवतात, असं दिसलं होतं. कारण साधं आहे. व्हॅनला वाहतुकीत अडकावं लागतं, पार्किंग शोधावं लागतं. पण त्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न एक नव्हे. त्यांच्याकडे व्हॅन फार झाल्यात. आपल्या गल्लीत व्हॅन कधी आलीच नाही.

आपल्याकडे या जातीची सगळ्यात ओळखीची गाडी म्हणजे नव्या रूपातली लूना. १९७२ साली आलेली लूना आठवतेय ना? शिक्षिका, नर्स, पोस्टात काम करणाऱ्या बायका, कितीतरी जणींनी पहिली गाडी चालवली ती हीच. पुढच्या मोकळ्या जागेत गहू दळायला नेण्यापासून पोराला उभं करण्यापर्यंत सगळं व्हायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती 'ई-लूना' म्हणून परत आली. किंमत सत्तर हजारांच्या आसपास, दीडशे किलोपर्यंत वजन वाहून नेण्याची ताकद, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटरच्या वर. बॅटरी दोन युनिटची. म्हणजे वीस-पंचवीस रुपयांच्या विजेत दिवसभराचं काम, जिथं पेट्रोलला दोनशे रुपये लागले असते. (कंपनीचे किलोमीटर आणि वजन घेऊन चालवताना मिळणारे किलोमीटर यांत फरक असतो, हे आपण मोबाइलच्या बॅटरीवरून शिकलोच आहोत.)

गाडी चांगली आहे. पण तिच्याबद्दल जे बोललं जातं, त्यात माल नेहमी एकाच दिशेनं जाताना दिसतो: बाहेरून घरात. आमच्या भागातल्या बायकांचा माल मुख्यतः उलट्या दिशेनं जातो.

सोलापूरहून अक्कलकोटला येताना वाटेत कुंभारी लागतं. तिथं विडी कामगार बायकांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते २००६ मध्ये घरं दिली गेली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर झालं. एकूण तीस हजार घरांचा प्रकल्प; त्यातल्या पंधरा हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. नरसय्या आडम मास्तरांनी आणि हजारो बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठं ही छपरं मिळाली. एवढ्या मोठ्या संख्येनं कष्टकरी बाईच्या डोक्यावर हक्काचं घर येणं ही लहान गोष्ट नाही.

पण घर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आणि रोजगाराची वाट बरीचशी शहरात. विडीचं काम तुम्हाला ठाऊक असेल. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा घरी आणायचा. पान भिजवायचं, कापायचं, विड्या वळायच्या, जुड्या बांधायच्या आणि तयार माल परत नेऊन द्यायचा. तिथं तपासणीत नापसंत ठरलेल्या विड्या बाजूला काढतात, ती 'छाट'. त्याचे पैसे नाहीत. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्याची शाखा जवळ असली तर ठीक, नाहीतर जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं त्याच हजारी दरातून जातं, आणि त्या फेरीत मोडलेल्या वेळात वळता आल्या असत्या त्या विड्याही जातात. जगातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीला शेवटच्या मैलाचा खर्च परवडत नाही म्हणतात. आमची विडी कामगार बाई तो रोज भरते आहे.

मग मालवाहू लूना कुणी घ्यायची? एकेकटीनं नव्हे, असं मला वाटतं. जरा हिशेब मांडू. सत्तर हजारांची गाडी, दहा हजार हातचे, साठ हजारांचं कर्ज बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी. हप्ता दोन हजारांच्या आसपास, म्हणजे कामाच्या दिवसाला सत्तर-ऐंशी रुपये. वीज धरून शंभर. विमा, टायर, दुरुस्ती वेगळी. घरामागे दहा रुपये मिळाले आणि दिवसाला वीस पार्सलं झाली, तर दोनशे रुपये हातात येतात आणि दिवसभर उन्हात फिरून शंभरही उरत नाहीत. हे आकडे माझे, वहीच्या मागच्या पानावरचे. पण तुम्ही तुमचे घालून पाहा, उत्तर फार बदलणार नाही. अक्कलकोटसारख्या चाळीसेक हजार वस्तीच्या गावात नुसत्या पार्सलवर ही गाडी तगणार नाही.

तगेल ती दोन्ही दिशांनी भरून चालली तर. सकाळी गल्लीतल्या दहा घरांच्या विड्या एकदम शाखेत, परतताना त्यांचीच पानं-तंबाखू. दुपारी पार्सलं आणि गिरणीचं दळण. संध्याकाळी बचत गटाच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पाकिटं वटवृक्ष मंदिराकडच्या दुकानांत. गुरुवारी, पौर्णिमेला तिकडं भक्तांची इतकी गर्दी असते की छोटा हत्तीसुद्धा आत शिरत नाही, दुचाकी शिरते. आणि दहा घरांनी मिळून भाडं दिलं तर एकीला ते रिक्षापेक्षा स्वस्त पडतं. गट गाडीचा मालक, दोघी-तिघी आळीपाळीनं चालवणार. हे स्वप्न नाही. बचत गटांनी गिरण्या आणि पापडाची यंत्रं याच रीतीनं घेतलीत.

सरकारी कागद मात्र गावाच्या अलीकडेच थांबतात. राज्यात एप्रिल २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीला मंजुरी मिळाली, ती लाखावर वस्तीच्या शहरांना. त्याआधी २०२४ मध्ये बायकांसाठी गुलाबी ई-रिक्षा योजना आली: वीस टक्के सरकारचे, दहा टक्के तिचे, सत्तर टक्के बँकेचं कर्ज. रचना छान आहे, पण योजना प्रवाशांच्या वाहतुकीची. जुड्या, भाकऱ्या आणि दळण वाहणाऱ्या बाईसाठी असंच काही का नसावं? विजेच्या गाड्यांना परमिटच्या अटीतून केंद्रानं २०१८ मध्येच सूट दिली आहे. म्हणजे अडचण कायद्याची कमी आणि लक्ष जाण्याची जास्त.

लायसन्सचं बघून घ्यायला हवं. अडीचशे वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या गाडीला लायसन्स-नोंदणी लागत नाही, आणि दुकानदार हे फार गोड करून सांगतो. पण दोन पोती लादून चढ चढताना ती गाडी माना टाकते. वजन वाहायचं तर लायसन्सवाली गाडी हवी. त्यासाठी आधी शिकाऊ परीक्षा, मग गाडी चालवून दाखवणं. दोन दिवसांचा रोज बुडणार, तो गटानं भरून द्यावा.

आणि बॅटरी. २०२२ मध्ये पुण्यासह ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. तरी सोलापूरचा उन्हाळा बेचाळीसच्या पुढे जातो. उन्हातून आल्या आल्या चार्जिंग लावू नये, चार्जर कंपनीचाच वापरावा, आणि छोट्या घरात दाराच्या वाटेवर रात्रभर गाडी चार्जिंगला लावून निजू नये. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. वसाहतीत एक सामाईक शेड आणि स्वतंत्र मीटर मिळालं तर हा प्रश्न सुटेल. भाड्याच्या खोलीत राहणारीला मालक बोर्डाला हातही लावू देत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दिल्लीत 'इव्हन कार्गो' नावाची संस्था बायकांना स्कूटर शिकवून पार्सल पोचवण्याचं काम देते. तिथं शिकलेल्या बायका शहरभर हिंडतात. पण मोठ्या कंपन्यांच्या दारात ती 'कामगार' नसते, 'पार्टनर' असते. गाडी तिची, पडझड तिची, दर त्यांचा. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्यात अशा कामगारांची निदान नोंद तरी आहे. विडीवालीनं घरखेप कामगार म्हणून ओळख मिळवायला किती वर्षं घालवली ते आठवलं, की इथं पहिल्या दिवसापासून दर लिहून घ्यावा असं वाटतं.

मावशीच्या शेजारी विड्या वळणारी एक अक्का राहते. मोबाइलवर तिला मी त्या गाडीचा फोटो दाखवला. तिनं सूप बाजूला ठेवून नीट पाहिला. किंमत विचारली नाही, किलोमीटर विचारले नाहीत.

"ह्याला वरून झाकण असतं का गं? पावसात जुड्या भिजल्या की सगळा माल छाटीत जातो बघ."

फोटोतल्या गाडीला झाकण नव्हतं.