नवी विंडोज, जुनी इमेज आणि काळा पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा मोफत आधार थांबविला आणि जगभरातील बँका, महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या व कंपन्यांच्या संगणक विभागांपुढे एकच काम येऊन पडले : हजारो संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढविणे. पैसे मोजणाऱ्या संस्थांना सुरक्षा-दुरुस्त्या आणखी तीन वर्षे घेता येतात; परंतु त्यांचा दर वर्षागणिक दुप्पट होत जातो. त्यामुळे काम टाळता येण्याजोगे नाही.

घरचा एखादा संगणक पेनड्राइव्ह लावून बदलता येतो. कार्यालयात ते परवडत नाही. तेथे एक संगणक नीट सिद्ध करायचा, ‘सिसप्रेप’ या साधनाने त्याची स्वतंत्र ओळख पुसायची आणि त्या डिस्कची नक्कल, म्हणजेच ‘इमेज’, नेटवर्कवरून इतरांवर उतरवायची, अशी रीत आहे. नक्कल शंभर टक्के पूर्ण झाल्याचे दिसते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि काळ्या पडद्यावर बूट होण्याजोगे उपकरण सापडत नसल्याचा संदेश उमटतो. मग इमेज पुन्हा उतरवली जाते, पुन्हा तेच. पुष्कळदा दोष इमेजमध्ये नसतोच.

संगणक नेमका कोठे थांबला, हे पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते. विंडोजचे चिन्ह दिसण्याआधीच गाडी अडली, तर संशय सुरुवातीच्या व्यवस्थेवर घ्यावा. जुना ‘बायोस’ डिस्कच्या अगदी पहिल्या भागातील चिमुकली आज्ञावली उचलतो. नवा ‘यूईएफआय’ मात्र डिस्कवरील एका वेगळ्या विभागातील फाइल शोधतो. एका पद्धतीने घेतलेली इमेज दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवली, तर सारा मजकूर जागेवर असूनही दारच सापडत नाही. विंडोज ११ला यूईएफआय, ‘सिक्युअर बूट’ची क्षमता आणि टीपीएम २.० ही तिन्ही लागतात. अनेक ठिकाणी यंत्र यूईएफआयचे, पण विंडोज ७च्या काळातील सवयीने ते जुन्या रीतीवर लावून ठेवलेले, असा प्रकार असतो. डिस्कची मांडणी मजकूर न पुसता बदलणारे ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच दिले. मात्र आधी मांडणी बदलायची आणि मग सेटिंग, हा क्रम चुकला की चालता संगणकही आडवा होतो.

चिन्ह दिसले, गोल चक्र फिरू लागले आणि नंतर निळा पडदा आला, तर बहुधा साठवणुकीच्या ड्रायव्हरची उणीव असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ ही व्यवस्था चालू असते. तिचा ड्रायव्हर इमेजमध्ये नसेल, तर समोर असलेली डिस्क विंडोजला दिसतच नाही. व्हीएमडी बंद करून वेळ मारून नेणारे तंत्रज्ञ आहेत. पुढे कोणी ती पुन्हा चालू केली की तोच संगणक पुन्हा रुसतो, आणि तेव्हा कारण कोणालाच आठवत नाही.

सध्या सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे तो ‘सिक्युअर बूट’चा. सुरुवातीला चालणाऱ्या आज्ञावलीवर विश्वासार्ह सही आहे की नाही, हे ही व्यवस्था तपासते. ज्या प्रमाणपत्रांच्या आधारे ती तपासते, ती मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रे २०११ सालची. जून ते ऑक्टोबर २०२६ हा त्यांच्या समाप्तीचा काळ आणि त्यांच्या जागी २०२३ची नवी. मुदत सरली म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, पण बूटसंबंधीच्या नव्या सुरक्षा-दुरुस्त्या त्याला मिळेनाशा होतात. यात आणखी एक पेच आहे. ‘ब्लॅकलोटस’ या घातक आज्ञावलीला रोखण्यासाठी मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने जुन्या सहीवरील विश्वास काढून घेण्याची सोय दिली. ती लागू केलेल्या संगणकावर कपाटातील जुना पेनड्राइव्ह किंवा सर्व्हरवरील जुनी बूट-इमेज चालत नाही. ही नोंद यंत्राच्या फर्मवेअरमध्ये राहते. डिस्क फॉरमॅट करूनही ती पुसली जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच जातीच्या एका अपडेटनंतर विंडोजसोबत लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स सुरू होईनासे झाले होते.

अशा वेळी सिक्युअर बूट बंद करून मोकळे होणे हा सर्वत्र रुळलेला उपाय. तो लागू पडतो, हीच त्यातील अडचण. पहारा उठतो आणि तो पुन्हा बसविण्याचे राहून जाते. शिवाय डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर हा बदल होताच संगणक ४८ अंकी किल्ली मागू शकतो.

ती किल्ली हाताशी नसण्याची किंमत १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ची सदोष फाइल बाहेर पडली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे त्या फेऱ्यात सापडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण इमेजचे नव्हते, पण अवस्था तीच : संगणक बूट होत नाही, म्हणून दुरुनही दुरुस्त करता येत नाही. एक फाइल पुसण्यासाठी माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जावे लागले आणि तेथे अनेकदा बिटलॉकरची किल्ली आडवी आली.

निविदांमध्ये मात्र दर ठरतो तो बसविलेल्या संगणकामागे. कोणत्या मॉडेलची किती यंत्रे आहेत, प्रत्येक मॉडेलच्या एकेका यंत्रावर इमेज आधी उतरवून पाहिली काय आणि किल्ल्यांची नोंद कोणाकडे आहे, हे प्रश्न पहिल्या हजार यंत्रांपूर्वी विचारायचे असतात. तसे केले, तर एखादे जुने मॉडेल अडल्याचे पहिल्याच दिवशी कळते आणि तेवढी यंत्रे बाजूला ठेवून बाकीचे काम पुढे नेता येते.