हक्क पाठ झाले, दाद मागायला कधी शिकणार?

परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेल्यांत कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. पुढचा घटनाक्रम कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवावा असा आहे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, अहवाल आला, तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. अखेर त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. 4 जुलै 2025 रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलैला तेथेही हरले.

अनुच्छेद 21 प्रमाणे जगण्याचा हक्क सोमनाथला होताच. मग अडले कुठे? कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 196 सांगते. अहवाल आल्यावर पुढे काय करायचे, हे मात्र ते सांगत नाही. हक्क आणि न्याय यांच्यामधली ही मोकळी जागा भरून काढण्याचे शास्त्र म्हणजे दाद मागण्याचा कायदा. आमची मुले नेमकी तिथेच कच्ची राहतात.

बाबासाहेबांना ही जागा पक्की ठाऊक होती. चवदार तळ्याचा लढा आम्ही दरवर्षी 20 मार्चला स्मरतो. तळ्याचा खटला किती जणांना सांगता येतो? 1923 चा बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केले. म्हणजे कागदावर हक्क मिळालेला होता. 1927 च्या डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. एका कागदाने हजारोंचा सत्याग्रह थांबला! बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही, ते कोर्टात उभे राहिले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून आहे, हे वादींनी सिद्ध करावे, या मुद्द्यावर खटला लढवला गेला आणि वादींना ते सिद्ध करता आले नाही. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल 17 मार्च 1937 ला आला. तळ्याच्या पाण्याला हात लावल्यापासून तब्बल दहा वर्षे! मनाई हुकूम ही केवढी मोठी ताकद आहे आणि ती कोणाच्याही हाती लागू शकते, हा महाडचा दुसरा धडा आहे.

म्हणूनच 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत हक्कांपाठोपाठ त्यांच्या भंगावरील उपायांचा स्वतंत्र विभाग त्यांनी घातला. 9 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत तर त्यांनी आजच्या अनुच्छेद 32 ला संविधानाचा आत्मा म्हटले. समतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या अनुच्छेदाला नव्हे, दाद मागण्याच्या अनुच्छेदाला! याचा अर्थ आम्ही कधी नीट लक्षात घेतला काय?

आता विधी महाविद्यालयांकडे पाहू. अमेरिकेत उपायांचा कायदा हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. आपल्याकडे त्याचे तुकडे होऊन ते वेगवेगळ्या पेपरांत विखुरले आहेत. रिट घटनेच्या पेपरात, नुकसानभरपाई अपकृत्यात, मनाई विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात, हुकूमनाम्याची बजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेत. ‘अनुतोष’ म्हणजे आपली साधी दाद, हेसुद्धा खेड्यातून आलेल्या पोराला कोणी सांगत नाही. तो चार पेपर पास होतो; पण पक्षकार समोर बसला की कोणत्या कोर्टात, कोणाविरुद्ध, किती मुदतीत, नेमका कोणता हुकूम मागायचा, याचे उत्तर त्याच्याकडे नसते.

हे उत्तर नसले तर काय होते, ते आमच्या हर्सूलला कळते. येथे मध्यवर्ती कारागृह आहे. कारागृहाच्या भिंतीआड असणाऱ्या कच्च्या कैद्याचे उदाहरण घ्या. संहितेच्या कलम 479 प्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला जामिनावर सोडायचे आहे. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यालाही हा लाभ नाही. मुदत भरताच न्यायालयाला अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. जुन्या प्रकरणांनाही हे लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितले. कैदेत असलेल्या कोणालाही आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. पण दिवस मोजणार कोण आणि अर्ज लिहिणार कोण?

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचेही तेच. कलम 15-अ प्रमाणे आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळालीच पाहिजे. ती न दिल्यामुळे 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणातला जामीन रद्द केला. ज्याला हे ठाऊक, तो जामीन रद्द करून घेतो. ज्याला ठाऊक नाही, तो निषेधाचे निवेदन देऊन घरी येतो.

निवेदने आणि मोर्चे हवेतच. पण मोर्चा पांगल्यावर कोर्टात जो कागद उरतो, तो लिहिणारा हात आपला हवा. विद्यापीठाने हा विषय सलगपणे शिकवावा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. बुद्धविहारात रविवारी दोन तास बसा. एक वकील, दहा विद्यार्थी आणि वस्तीतले एक खरे प्रकरण घ्या. फिर्याद नोंदवली नाही तर काय, जमिनीचा ताबा गेला तर काय, हुकूमनामा मिळूनही बजावणी होत नसेल तर दरखास्त कशी द्यायची, असा एकेक प्रश्न सोडवा. कायदा शिकता शिकता सोमनाथ गेला. त्याचे अर्धे राहिलेले पुस्तक पुढे वाचणे आता आपल्यावर आहे.

जयभीम!