घंगाळावरचे नाव

दिवाळी आठ दिवसांवर आली की मुरगूडच्या आमच्या घरी माळ्यावरचे पितळ खाली उतरते आणि माझी प्राध्यापकी माळ्यावर जाऊन बसते. "कालेजात पोरांना काय शिकवायचं ते शिकव. हिथं हाताला जोर लाव," असे म्हणून आई भिजवलेल्या चिंचेचा गोळा माझ्या हातावर ठेवते. समया, तांबे, परात तिच्याकडे. घंगाळ माझ्याकडे, कारण ते आता तिला उचलत नाही.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा संसार. हवेतली ओल आणि गंधक त्याला लागले की वर काळा थर चढतो, खाचाखोचांत हिरवे धरते. चिंचेतले आम्ल हा थर सोडवते. पण आम्लाला फार वेळ मोकळे सोडू नये. दोन वर्षांपूर्वी मी अतिशहाणपणा केला आणि एक समई रात्रभर लिंबू-मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी पाहतो तो समई ठिकठिकाणी तांबूस! वरचे जस्त निघून गेले होते, तांबे तेवढे मागे राहिले होते. आई एवढेच म्हणाली, "काळी हुती तीच बरी हुती." तेव्हापासून मी दहा मिनिटांत धुतो आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसतो. पुसायचा आळस केला तर चार दिवसांत पुन्हा डाग.

आजी भांडी वेदगंगेवर नेऊन राखेने घाशी. १९८९ मध्ये ठाण्याला पीतांबरी सुरू झाली आणि ती पुडी यथावकाश आमच्याही मोरीत आली. पण घंगाळाला मात्र आईची विटेची पूडच लागते. तिच्याशिवाय जोर लावल्यासारखा वाटत नाही, असे तिचे म्हणणे.

गेल्या दिवाळीत तीच पूड लावताना घंगाळाच्या काठाखाली बोटांना अक्षरे लागली. ठिपक्याठिपक्यांची. 'चि. सौ. कां.' स्पष्ट होते, शेवटी 'हिस मामाकडून' हेही लागत होते. मधली तीन अक्षरे मात्र गुळगुळीत. घंगाळ आजीच्या लग्नातले, हे ठाऊक होते. पण ते मांडवात आले तेव्हा तिचे नाव बदलायचे होते. म्हणजे मधे जे होते ते तिचे माहेरचे नाव. ते काय होते, हे मी आईला विचारले.

"मी ह्या घरात आले तवा सासूबाईंस्नी त्या नावानं हाक मारणारं कोण उरलं हुतं?"

वर्गात मी शिलालेखांवर तासन्‌तास बोलतो. घरातला हा एवढासा लेख मला आजवर दिसला नव्हता. कागद दाबून धरला, वरून पेन्सिल फिरवली. पहिले अक्षर 'कृ' असेल किंवा 'कु'. दुसऱ्याचा उभा दंड उमटला. तिसऱ्याचे काहीच नाही. राख आणि विटेची पूड चकाकी आणतात ती धातूचा बारीकसा पापुद्रा खरवडूनच. शिवाय ठिपक्यांत बसलेले काळे होते म्हणून अक्षर निदान डोळ्यांना दिसत होते; तेच आम्ही दरसाल निगुतीने काढत आलो. साठ-सत्तर दिवाळ्या. आधी खुद्द आजीने, मग आईने, आणि गेली काही वर्षे एम. ए. मराठी झालेल्या नातवाने!

आईने कागद हातात घेतला. तिला त्यातले काही लागले असेल असे वाटत नाही. पण विटेच्या पुडीचा डबा तिने माझ्यासमोरून उचलला.

"तेवढी बाजू ऱ्हाऊ दे काळी. बाकीचं घास."

मी घासत राहिलो. थोड्या वेळाने मान वर करून पाहतो तो आई चष्मा लावून दारात बसली होती आणि आपल्या लग्नातली कळशी उजेडाकडे फिरवून फिरवून बघत होती.