पाचव्या पिढीचा हिशेब

रात्रीची जेवणं आटोपली की मी कुत्र्यांची पैदास करतो. शेजाऱ्यांनी घाबरू नये, घरात एकही कुत्रा नाही. सगळा कारभार इंटरनेटवरच्या एका खेळात चालतो. कुत्र्यांना खाऊ घालायचं, शिकवायचं, स्पर्धेत उतरवायचं, जोड्या लावायच्या आणि पिल्लांतलं कोणतं ठेवायचं ते ठरवायचं. तिथलं वर्ष काही दिवसांत सरतं, त्यामुळे पतवंडांचं तोंड बघायला म्हातारं व्हावं लागत नाही.

या नादाला मला लावलं भाचीने. ती धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकते. मागच्या उन्हाळ्यात मी माझी बक्षीसपात्र कुत्री विकून टाकली आणि ज्यांच्या आईबापांची नोंदच नाही अशा आठ कुत्र्यांपासून नव्याने सुरुवात केली. खेळातल्या लोकांना हा वेडेपणा वाटला. पण तिथल्या बाजारात कुठलंही चांगलं पिल्लू घ्या, त्याची वंशावळ उघडली की पाच पिढ्यांत एकाच गाजलेल्या नराचं नाव तीन-चारदा सापडायचं. आजाही तोच, पणजाही तोच, आईकडूनही तोच. सगळ्यांना जिंकणारा कुत्रा हवा, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडेच माद्या नेलेल्या.

आपल्याकडे हे नवीन नाही. गावात सोडलेला एकच वळू असायचा. तीन वर्षांनी त्याची कालवड माजावर आली की तिलाही तोच. म्हणून तर वळू दर दोन-अडीच वर्षांनी बदला, असं पशुधन अधिकारी सांगत आले. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं यांच्या पिल्लात सरासरी पाव जागांवर जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या निघतात. सावत्र भावंडांत हे प्रमाण साडेबारा टक्के, चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. एरवी झाकून राहिलेला दोष अशा वेळी दोन्हीकडून येतो आणि पिल्लात उघडा पडतो.

हे टाळायला भाचीची एक फुलस्केप वही आहे. त्यात तिने कुत्र्यांची चार घराणी आखली आहेत, अ, ब, क, ड. अ मधला नर ब च्या माद्यांना, ब चा क ला, क चा ड ला आणि ड चा परत अ ला. माद्या आपल्या घरातच राहतात, नर फिरतात. शेळ्या-मेंढ्यांच्या आणि कोंबड्यांच्या पैदाशीत ही पद्धत जुनीच आहे. दर पिल्लापुढे आईबाप, रंग, दोष आणि कोपऱ्यात लाल पेनाने हीच नात्याची टक्केवारी. मी एकदा एका देखण्या पिल्लावर भाळलो, तेव्हा तिने वही पुढे सरकवली. “मामा, तोंड काय बघताय त्याचं, त्याचा आजा कोण आहे ते बघा ना.”

नव्या सुरुवातीचा खरा त्रास पहिल्या तीन-चार पिढ्यांत होतो. एकही बक्षीस मिळत नाही. सामान्य गुणांच्या माद्या सांभाळाव्या लागतात, कारण त्यांच्यात दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काहीतरी असतं. हाताशी असलेल्या एकुलत्या एका हुशार नराला सगळ्या माद्या द्यायचा मोह आवरावा लागतो. माझ्या मते या खेळात एवढीच एक गोष्ट अवघड आहे.

आणि ती खेळापुरती नाही. डाल्मेशियन कुत्र्याचंच बघा. शुद्ध म्हणवणाऱ्या सगळ्याच डाल्मेशियनांच्या लघवीत युरिक अ‍ॅसिडचं प्रमाण जास्त, त्यातून खडे व्हायचे. त्या जनुकाची निरोगी प्रत त्या जातीत शिल्लकच नव्हती. 1973 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एका पॉइंटर कुत्र्याशी संकर केला, आणि पुढे पिढ्यानपिढ्या डाल्मेशियनांशीच जोड्या लावत तो एक चांगला गुण तेवढा राखला. ‘रक्त बिघडलं’ म्हणून शुद्धतावाद्यांनी बरीच वर्षं दारं लावली. अमेरिकन केनल क्लबने ती कायमची उघडली 2011 मध्ये.

जात नेटाने सांभाळल्याचा आपल्या बाजूचा दाखला मुधोळचा. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः मालोजीरावांनी, शिकारी कुत्र्यांची ती जात सांभाळली आणि पाचव्या जॉर्ज बादशहापर्यंत नेली. महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. आज मुधोळजवळ तिम्मापूरला तिचं संशोधन केंद्र आहे, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्युरोकडे देशी जात म्हणून तिची नोंद झाली आहे. आमच्या जळगावात मात्र पंचेचाळीस अंशांत कुलरसमोर धापा टाकणारा हस्की दिसतो. त्याच्या मालकाला काय बोलणार!

साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपाबरोबर असणाऱ्या कुत्र्यांना कागद नसतात. तिथे निवड कामावरून होते. रात्री लांडग्यावर जाईल आणि कोकराला दात लावणार नाही, त्याची पिल्लं मागून नेली जातात. मला ही कसोटी रंगापेक्षा आणि कानांच्या ठेवणीपेक्षा कितीतरी सरस वाटते. खेळात तर नको असलेलं पिल्लू एका बटणाने नाहीसं होतं. खऱ्या जगात हौशी माणसाच्या फसलेल्या पैदाशीची पिल्लं कुठे जातात, ते रात्री महामार्गावर गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक आहे.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हा सगळा विषय उघड्यावर बघायला मिळतो. तापीकाठी दत्तजयंतीला यात्रा भरते, देशभरातून घोडे येतात. गिऱ्हाईक आधी भोवरे तपासतं. गळ्याखाली देवमण हा भोवरा असेल तर किंमत चढते, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी असेल तर आणखी चढते. मग विचारतात, शिंगरू कोणत्या घोड्याचं? नामांकित नराचं नाव आलं की सौदा जमलाच म्हणा. घोडीचं नाव फारसं कोणी विचारत नाही, तिच्या बापाचं तर नाहीच. नेमकं तिथेच तेच नामांकित नाव दुसऱ्यांदा लपलेलं असू शकतं.

पुढच्या यात्रेला जाणार असाल तर देवमण बघा, पाय बघा, चाल बघा. पण शिंगराच्या आईचा बाप कोण, तेही विचारा. कुत्र्याचं पिल्लू घेतानाही हाच प्रश्न. समोरचा ‘सगळं लिहून ठेवलंय’ म्हणाला, तर वही बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.