एकाला घटस्फोट हवाय, दुसऱ्याला नकोय. मग कोर्ट काय करतं?

"मी सही करणारच नाही, बघू कसा घटस्फोट मिळतो ते!" भांडणात फेकलेलं हे वाक्य अनेकांना शेवटचा शब्द वाटतं. तसा तो नाही.

हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोट 1976 साली आला. त्यात दोघांचा होकार लागतोच. निकाल लागायच्या आधी एकानं संमती मागे घेतली तरी हा मार्ग बंद होतो. पण कलम 13 खाली नवरा किंवा बायको एकट्यानंही अर्ज करू शकते. फक्त तिथे कारण द्यावं लागतं आणि ते सिद्ध करावं लागतं. क्रूरता, विवाहबाह्य संबंध, किमान दोन वर्षं सोडून जाणं ही त्यातली काही कारणं.

'आमचं आता जमत नाही' हे कारण या यादीत नाही. सगळी गोम इथेच आहे.

म्हणून बहुतेक भांडणं 'क्रूरते'च्या रकान्यात कोंबली जातात. क्रूरतेची व्याख्या कायद्यानं केलेली नाही. प्रकरण बघून कोर्ट ठरवतं. त्यात मानसिक छळही येतो. मग जुने मेसेज, सासरचे टोमणे, पैशांचे वाद असं सगळं अर्जात येतं, आणि शांतपणे वेगळं होऊ शकणारी माणसंही एकमेकांवर चिखलफेक करू लागतात. समन्स आल्यावर गप्प बसणं तर आणखी वाईट, कारण कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकतं.

संसार पूर्णपणे मोडलाय, पण दोष कुणाचाच सिद्ध होत नाही, तेव्हा काय? 1 मे 2023 रोजी घटनापीठानं सांगितलं की कलम 142 खाली सुप्रीम कोर्ट असं लग्न संपवू शकतं, एकाचा विरोध असला तरी. मात्र हा अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा. कौटुंबिक न्यायालयाला तो नाही, आणि त्यासाठी थेट दिल्लीला अर्जही करता येत नाही.

शिवाय तो हक्कही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 89 वर्षांच्या पतीला सुप्रीम कोर्टानं घटस्फोट नाकारला. लग्न 1963 चं, घटस्फोटाचा अर्ज 1996 चा. 82 वर्षांच्या पत्नीचं म्हणणं होतं की तिला 'घटस्फोटिता' म्हणून मरायचं नाही. कोर्टानं तिच्या भावनेला वजन दिलं.

विधी आयोगानं 1978 आणि 2009 मध्ये 'मोडलेलं लग्न' हे कारण कायद्यात घालायला सुचवलं होतं. तसं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं. तीन वर्षं वेगळं राहिलेल्यांना त्यानं वाट दिली असती. घटस्फोटामुळे गंभीर आर्थिक अडचण होणार असेल, तर विरोध करण्याचा हक्क पत्नीला होता. लोकसभेत ते कधी मंजूर झालंच नाही.