मर्दाची नीयत खराब, म्हणून बाईला दार बंद?

शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाचा. मी बाहेरचा नाही. बोईसरचा मुसलमान आहे, जुम्म्याला तुमच्याच सफमध्ये उभा असतो.

गेल्या रमजानमधली गोष्ट. मुलगी पालघरहून कॉलेज करून येत होती, गाडी लेट. मगरिबची अजान झाली. वाटेत मशीद, पण बायकांना जागा नाही. पोरीने बाटलीतल्या पाण्याने रोजा सोडला, नमाज घरी येऊन कजा पढली.

मी एका बुजुर्गांना विचारलं, एक कोपरा, एक नळ, वेगळा दरवाजा, एवढंही का नाही? उत्तर आलं, "जमाना खराब है भाई, मर्द की नीयत का क्या भरोसा?"

हे उत्तर शरियतचं नाही. माणूस कसा आहे, याबद्दलचा हा अंदाज आहे.

पैगंबरांच्या काळात मदिनेत बायका मशिदीत नमाजला येत. त्यांना अडवू नका, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. घरची नमाज अफजल, अशीही रिवायत आहे, मान्य. पण अफजल म्हणजे दाराला कुलूप नव्हे. नंतरच्या हनफी फुकहांनी 'जमाना बिघडला' म्हणून मनाई केली. म्हणजे मनाई आली ती काळाच्या निदानातून. निदान पुन्हा तपासायला नको?

कुरआन माणसाला कमजोर म्हणतो, पण जन्मजात पापी म्हणत नाही. आदम आणि हव्वा दोघं चुकले, दोघांनी माफी मागितली. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवायचा हुकूम आधी पुरुषांना आहे (आयत 30), मग बायकांना (31). आपण पहिला विसरलो आणि दुसऱ्याचं कुंपण केलं.

हाजी अलीला बायका मजारीपर्यंत जायच्या. 2011-12च्या सुमारास बंदी आली, कारण दिलं पाप आणि सुरक्षितता. 26 ऑगस्ट 2016ला मुंबई हायकोर्टाने ती उठवली. ट्रस्ट सुप्रीम कोर्टात गेला आणि शेवटी तिथेच तयार झाला. आभाळ कोसळलं का? 2023मध्ये तर खुद्द पर्सनल लॉ बोर्डाने सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की बायकांना मशिदीत नमाजची इजाजत आहे, फक्त पुरुषांच्यात मिसळून नाही. मग आपण कोणाची वाट बघतोय?

आपल्याच बायका-मुली तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जातात, शेअर रिक्षात परक्या पुरुषाला खेटून बसतात. तिथे जमाना खराब नसतो, कारण तिथून पगार येतो. फक्त अल्लाहच्या घराच्या दारातच खराब होतो?

आणि ही पोस्ट फिरवून "बघा, हे असेच" म्हणणाऱ्यांनो, तुम्हीही थांबा. "मुसलमान स्वभावानेच असा" आणि "मर्द स्वभावानेच असा", दोन्ही एकाच भट्टीतलं. माणूस सुधारू शकतो, हे दोघांनाही मान्य नाही. मग तौबा कशासाठी? रोजा कशासाठी?

माझी मागणी छोटी आहे. कोपरा, नळ, दरवाजा, पुढच्या रमजानच्या आत. चंद्याची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

आणि मर्दाची नीयत खरंच एवढी खराब असेल, तर दार मर्दाला बंद करा ना!