ओळखीचा मुक्काम

गिरगावातील ज्या साध्या, अल्पदराच्या निवासगृहात आम्ही वर्षानुवर्षे उतरत आलो, तेथे यंदा पुन्हा गेलो असता, नाव न विचारताच नोंदवही पुढे सरकली आणि मागील बाजूची तीच खोली मिळाली, तेव्हाच या अंकाचा विषय निश्चित झाला. प्रातःकाळी बाहेर पडावे, खोताच्या वाडीतील लाकडी सज्जांची घरे न्याहाळीत, १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव आरंभणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळीपर्यंत रेंगाळत जावे, हा आमचा परिपाठ. (१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी जेथे देह ठेवला, ते क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहही उतारूंच्या मुक्कामाचेच स्थान होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.)

चाळींच्या जागी मनोरे उभे राहत असताना अशा वस्त्यांचे दप्तर वेळीच लिहून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. म्हणून प्रेक्षणीय स्थळांची यादी न देता, एकाच मुक्कामी वारंवार परतणाऱ्यांचे अनुभव आम्ही येथे एकत्र केले आहेत. आपण पुनःपुन्हा कोठे उतरता, आणि तेथील कोणती गल्ली आपणांस ओळखते, हे आम्हांस अवश्य कळवावे.